शेऱ्याचा रकाना

माझी मुलगी जन्मली त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी सगळ्यात आधी तावडेकाकांच्या दारात गेलो. "काका, मुलगी झाली! तीन किलोची!" काकांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि विचारलं, "दुपट्यासकट की दुपट्याविना?"

मला माहीत नव्हतं. "मग गावभर नुसतं तीन किलो सांगत फिरू नकोस. शेरा मार." अभिनंदन त्यानंतर. संध्याकाळी ते स्वतः हॉस्पिटलात जाऊन नर्सला विचारून आले. दुपट्यासकट होतं.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत काकांची खोली जिन्याला लागून, आमची तिच्या पलीकडे. ते एकटेच राहतात. लग्न केलं नाही. शेतीची सरकारी आकडेवारी गोळा करणाऱ्या एका ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली. पुढे परीक्षेच्या जाहिरातीचं कात्रण माझ्या हातात ठेवून त्यांनी मलाही तिथंच कॉम्प्युटरवर आणून बसवलं. म्हणजे हा माणूस मी घरी आणि ऑफिसात, दोन्हीकडे सोसला आहे. त्यांच्यावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा दुसरा कोणी नाही.

सरकारी तक्त्यात उजवीकडे, अगदी शेवटी, एक अरुंद रकाना असतो. त्यावर 'शेरा' असं लिहिलेलं असतं आणि तो कोरा सोडण्यासाठीच असतो अशी सगळ्यांची समजूत. काकांचा जीव मात्र तिथंच अडकलेला. भाताचं पीक वाढलं म्हणून बाकीचे खूश व्हायचे, काका आधी शेरा बघायचे. वजन ओल्या भाताचं की वाळवलेल्या? तुसासकट की भरडून? मोजलं कोणी, कधी, कुठल्या काट्यावर? "आकडा कुणाच्या घरचा ते कळल्याशिवाय त्याला पाट मांडायचा नाही," असं म्हणायचे. त्यांच्यामुळे कित्येक खोटे आकडे दारातूनच परत गेले, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एकदा दिल्लीहून एक तरुण साहेब आले. एसी हॉलमध्ये दोन दिवस त्यांनी आम्हाला 'मेटाडेटा' समजावला. आकडा कसा आला, त्याची व्याख्या काय, पद्धत कोणती, काय मोजायचं राहिलं, हे सगळं आकड्यासोबत ठेवायचं. शेवटी ते म्हणाले, शंका असतील तर विचारा. काका उभे राहिले. "शंका नाही. ह्याला आम्ही शेरा म्हणतो. जेवण चांगलं होतं."

घरीही तेच. त्यांच्या फळीवरच्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी. 'मसाला. मिरची लालबागची, कांडला समोर उभं राहून.' लोणच्याच्या बरणीवर 'मीठ जास्त. दोनदा पडलं. चूक स्वतःची.' मंडळाच्या जेवणासाठी चाळीत माणसं किती ते विचारायला पोरं गेली, तर काका म्हणाले, "झोपणारी की जेवणारी? आणि गण्याचा मेव्हणा धरायचा का?" पोरं पुन्हा त्यांच्या दाराशी गेली नाहीत. जेवण मात्र कमी पडलं, कारण गण्याचा मेव्हणा कोणी धरलाच नव्हता.

आता माझी चूक सांगतो. कोकणातल्या एका तालुक्याचे कागद आले नव्हते आणि पाच वाजता अहवाल वर जायचा होता. कॉम्प्युटर कोरी चौकट घेईना. मी नाचणीच्या रकान्यात शून्य टाकलं. मशीन खूश, मी खूश. आठवड्याभराने साहेबांच्या टेबलावर टिपणी तयार: सदर तालुक्यात नाचणीची लागवड होत नाही, सबब तेथील बियाणे अन्यत्र वळवावे.

काकांनी ती टिपणी चहा पिता पिता वाचली. कप खाली ठेवून ते सरळ केबिनमध्ये शिरले. "साहेब, नाचणी मेली नाही. कागद आला नाही." मग माझ्या टेबलापाशी आले. काका संतापले की थेट मालवणीत शिरतात. "मेल्या, शून्य कित्याक घातलंस?"

"काका, रिकामं घेतच नव्हतं..."

त्यांनी खुर्ची ओढली. आवाज खाली आणला. "हे बघ. शून्य म्हणजे कोणीतरी तिथं गेलं, नीट बघितलं, आणि काही नव्हतं. कोरं म्हणजे कोणी गेलंच नाही. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे रे. न जाता शून्य लिहिणं म्हणजे असलेल्याला मारून टाकणं."

चार दिवस ते फोनला चिकटले. तिथल्या कृषी सहायकाची आई वारली होती, म्हणून कागद पडून होते. डोंगरउतारावर नाचणी उभी होती, चांगली होती. बियाणं वाचलं. दुरुस्तीच्या तक्त्यात काकांनी शेरा मारला: 'कागद उशिरा प्राप्त. आधीचे शून्य मोजणीचे नव्हते. दोष कार्यालयाचा.' माझं नाव कुठेही नव्हतं. तेव्हापासून मी त्यांचा ताबेदार आहे.

काका निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा चाळीचा पुनर्विकास ठरला आणि सगळ्या खोल्यांचे फॉर्म भरायचं काम माझ्या लॅपटॉपवर आलं. काकांची खोली अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे. फॉर्ममध्ये चौकट होती, 'इतर वारस'. मी बेधडक 'निरंक' लिहून पुढे गेलो. त्यांचे आईवडील गेल्यापासून त्या खोलीत मी दुसरं माणूस पाहिलं नव्हतं.

काका सही करायला आले. चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. मालवणी शिवी येणार म्हणून मी सावरून बसलो. ती आली नाही.

"हे कोणी बघितलं?" एवढंच म्हणाले.

तेव्हा मला आठवलं. आई कधीतरी ओझरतं बोलली होती. मी पाळण्यात असताना काकांचा धाकटा भाऊ, विलास, गिरणी बंद पडल्यावर सुरतेला लूमवर कामाला गेला. पोचल्याचं एक पत्र आलं, पुढे काही नाही. चाळीने त्याचं नाव घेणंही सोडून दिलं होतं.

"काका, तुमची फाइल अडकेल," मी म्हणालो. "प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, कोर्टाच्या फेऱ्या. सगळ्यांना घरं मिळतील आणि तुम्ही या वयात भाड्याच्या खोलीत बसाल. निरंक लिहिलं तर कोण विचारणार आहे?"

"अडकू दे. लिही. एक भाऊ. विलास. माहिती अप्राप्त."

मग उठून गेले आणि एक लांबट, उभी वही घेऊन आले. आत त्यांच्या अक्षरात आखलेला तक्ता. सुरतेतल्या गल्ल्यांची, लूमच्या कारखान्यांची नावं. पुढे तारखा. शेवटी शेऱ्याचा रकाना. 'पाहिली. नाही.' 'पाहिली. नाही.' असं दीड पान. त्यापुढच्या दीड पानावर नुसती नावं, शेरा कोरा.

"दोनदा गेलो होतो रजा टाकून," काका म्हणाले. "मग बाबा आजारी पडले. मग आई. मग वाटलं, आता त्याचा तोच येईल. राहिलं ते राहिलंच. अर्धी मोजणी माझीच बाकी आहे रे, मी शून्य कुठल्या तोंडाने लिहू?"

मला स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने मला शून्य शिकवलं, त्याच्याच भावावर मी शून्य मारून मोकळा झालो होतो. मी 'निरंक' खोडलं, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आणि विचारलं, "काका, दिवाळीनंतर मला रजा आहे. जाऊया?"

काकांनी वही मिटली, परत उघडली. "गल्ल्यांची नावं बदलली असतील."

"तसा शेरा मारू."

ते हसले. मी तिथल्या तिथे तिकिटांचं पान उघडलं आणि जायची दोन टाकली. "परतीची किती काढू?"

काकांनी स्क्रीनवरच्या परतीच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"तो रकाना," ते म्हणाले, "आत्ता कोरा ठेव."