धोंडुबाईंचा सहावा वाढदिवस

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला झोप लागते हा कीर्तनातला अनुभव आहे, म्हणून पुढं सरका. आज एक आख्यान सांगतो. त्यात देव नाही, दैत्य नाही, केक आहे. श्रद्धेनं ऐकलंत तर पुण्य लागेल. नाही ऐकलंत तरी केक संपलेलाच आहे.

तर मंडळी, जन्म देवाच्या हाती, मरण देवाच्या हाती, पण जन्मतारीख हेडमास्तरांच्या हाती. आमच्या वेळी बाप पोराला धरून शाळेत न्यायचा. मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिशी." म्हशीच्या बाळंतपणाची नोंद शाळेत ठेवायची पद्धत नसल्यामुळं मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजायचं आणि तारीख घालायची एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा पोरगंही जूनमध्येच सुरू झालेलं बरं, इतका स्वच्छ विचार. मला तर अशा गुरुजनांच्या पायाचं तीर्थ घ्यावंसं वाटतं.

याचा परिणाम असा की कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत एक जूनला जन्मलेली माणसं तेवीस आहेत आणि वर्षाच्या उरलेल्या सगळ्या दिवसांत मिळून एकोणीस. (यावर शास्त्रज्ञांनी संशोधन केलेलं नाही. तेही एक जूनचेच असावेत.)

पूर्वी हे तेवीस वाढदिवस वेगवेगळे व्हायचे. चौकात मोटारसायकलच्या सीटवर केक ठेवायचा, फटाक्यांची माळ लावायची, केकचा पाव हिस्सा खायचा आणि उरलेला उत्सवमूर्तीच्या तोंडाला फासायचा. अडचण एवढीच होती की प्रत्येक वाढदिवसाला बोलावणं असलेली बावीस माणसं त्याच वेळी स्वतःचा केक कापत असायची. त्यामुळं टाळ्या वाजवायला कुणी उरत नसे. शेवटी तालमीचे अध्यक्ष, माजी पैलवान आणि भावी नगरसेवक (हे पद त्यांच्याकडं सलग तीन निवडणुका आहे) हंबीरराव यांनी सामुदायिक वाढदिवसाची कल्पना मांडली. लग्नं सामुदायिक होतात, पारायणं सामुदायिक होतात, मग म्हातारं होणं एकेकट्यानं का? समिती नेमली गेली. समितीत तेवीसही जण होते, म्हणून ती निःपक्षपाती होती.

केकचं काम संयोगिताला मिळालं. ही आमच्या ज्ञानूची बायको. केकचा क्लास केलेली, घरात ओव्हन असलेली गल्लीतली एकमेव सून. तिला तालमीत बोलावून समितीनं केकचे निकष सांगितले. तालीम असल्यामुळं केक गदेच्या आकाराचा हवा. समितीतल्या रुद्रय्याअण्णांचं घर माळकरी नसलं तरी लिंगधारी, म्हणून अंडं नको. सतरा जणांना साखर आहे (स्वकष्टार्जित), म्हणून साखर नको. यंदा एक जून सोमवारी आली, नऊ जणांचा उपवास, म्हणून मैदा नको.

संयोगितानं विचारलं, "मग काका, घालू काय?"

"त्ये तू बघ," हंबीरराव म्हणाले, "क्लास तू केलाईस, का आमी?"

अखेर गदा गुळाची ठरली. पण गदेवर तेवीस नावं मावेनात. दांड्यावर लिहिलेलं नाव म्हणजे अपमान, आणि गोळ्यावर जागा चौघांची. तेव्हा संयोगितानं कपकेकचा तोडगा काढला. प्रत्येकाला स्वतःचा छोटा केक, त्यावर स्वतःचं नाव, उपासकऱ्यांचे तेवढे वरईच्या पिठाचे. नमुन्यादाखल तिनं एक करून आणला. समितीनं तो हातोहात फिरवून पाहिला.

"ह्यो केक हाय का इडली?" हंबीरराव.

"कपकेक म्हनत्यात त्याला," रुद्रय्याअण्णांनी समजावलं. "बशी वायली घ्यायची."

ठराव मंजूर झाला. बांगडीएवढ्या जागेत क्रीमच्या कोननं नाव लिहायचं म्हणजे कसब. त्यातून 'भावी नगरसेवक हंबीरराव' एका कपकेकवर मावेना, म्हणून त्यांना तीन देण्यात आले. भावीला एक, नगरसेवकाला एक आणि हंबीररावांना एक. केक तलवारीनं कापायचा होता. पोलिसांनी तलवारीला मनाई केली, कोयत्याला मनाई केली, विळीकडंही वाकड्या नजरेनं पाहिलं. समितीनं कायद्याचा अभ्यास केला. शस्त्रांच्या कायद्यात उलथन्याचा उल्लेख नाही. उलथनं ठरलं. मेणबत्त्या माणशी वयाएवढ्या लावल्या तर गदा पेटेल, म्हणून गल्लीचं एकत्रित वय काढलं. ते भरलं एक हजार तीनशे एक्याण्णव. तेवढ्या आकड्याच्या चार मेणबत्त्या आणल्या. इतकी जुनी गल्ली एका फुंकरीत विझवायची हे समितीला फार भव्य वाटलं.

इथवर पूर्वरंग झाला. आता उत्तररंग ऐका.

संयोगिताची सासू धोंडुबाई. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. रोज दुपारी सुनेच्या शेजारी बसून साच्यांत कागदाच्या वाट्या लावायची. एक दिवस वाटी लावता लावता म्हणाली, "सूनबाई, माझ्या नावाची बी एक लाव की."

"लावते की आत्ती."

"आनि त्ये गानं म्हनत्यात न्हवं, हॅपी बड्डे? त्यात माझं नाव घ्याला सांग. आजवर माझं नाव दोनदाच मोठ्यानं घेतलंय. एकदा ह्यांनी उखान्यात, आनि एकदा रेशनच्या दुकानात."

संयोगितानं विनंती समितीपुढं ठेवली. समितीनं ती सहानुभूतीपूर्वक ऐकली आणि जन्मतारीख विचारली. तिथं घोटाळा झाला. धोंडुबाई शाळेत गेलेली नाही. शाळेत गेलेले लोक एक जूनला जन्मतात, न गेलेले आधार कार्डाच्या मशीनपुढं एक जानेवारीला जन्मतात, ही आपल्याकडची सर्वसाधारण व्यवस्था आहे. धोंडुबाई एक जानेवारीची निघाली.

"काकी, तुमचा थंडीत हाय की," हंबीरराव म्हणाले. "तवा करू. दनक्यात करू."

"थंडीत कशाला रं जन्मीन मी?" धोंडुबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिरूग निघाय आठ दिस हुतं. बा गारगोटीच्या बाजारात बियानं आनाय गेलता, तवर आई हिकडं मोकळी. आई मरस्तवर सांगायची, तुझ्या पायी पेरनी लांबली म्हनून."

आता मृग निघतो सात-आठ जूनला. त्यातून आठ दिवस वजा करा. (समितीनं वजाबाकी केली नाही. समितीत सगळे बेरजेचे होते.) म्हणजे अख्ख्या गल्लीत एक जूनच्या आसपास खरोखर जन्मलेलं माणूस एकच, आणि त्यालाच कपकेक नाही. पण समितीचा निर्णय मला आजही निर्दोष वाटतो. समिती लिहिलेले वाढदिवस साजरे करते. जन्म खरोखर झाला असल्यास तो समितीच्या कक्षेत येत नाही.

म्हातारी घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती वाट्या लावायला बसली नाही. संयोगिताचे दोन घाणे करपले. ज्ञानूनं जेवण टाकलं. तेव्हा रुद्रय्याअण्णा या सद्गृहस्थाला तोड सुचली. तारीख शाळेत मिळते ना? मग काकींना शाळेत घालू.

वरात जवळच्या शाळेत गेली. पटनोंदणी चालू होती. हेडमास्तरीण क्रांतीमॅडम रिकाम्या वर्गाकडं बघत बसल्या होत्या. पहिलीला पोरंच नव्हती. पट आणखी एकानं घसरला तर शाळा बंद, असा वरून इशारा आलेला. समोर साक्षात विद्यार्थिनी उभी राहिलेली पाहून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण नियम म्हणजे नियम," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "डोक्यावरून हात घेऊन कान धरा आजी."

धोंडुबाईचा हात अर्ध्यावर अडकला. खांदा चार वर्षं धरलेला.

"पोचत नाही," मॅडम गंभीर झाल्या. "मग बालवाडी."

"बालवाडी काय, बालवाडी?" ज्ञानू उखडला. "नातवंडं खेळवल्यात तिनं!"

बालवाडीची तारीख समितीला चालणार नव्हती. मग हंबीररावांनी स्वतः पुढाकार घेतला. तालमीतलं तेल आणलं, बाह्या सारल्या आणि कुस्तीत कित्येकांचे खांदे निखळवले त्याच हातांनी काकींचा खांदा तीन संध्याकाळी मळला. "आगं आई गं, मेलो गं," असं ओरडणं गल्लीनं ऐकलं. (हे हंबीरराव ओरडत होते. काकी चिमटे काढत होत्या.) चौथ्या दिवशी हात कानाला पोचला. मॅडमनी टाळी वाजवली आणि नियमाप्रमाणं लिहिलं: धोंडुबाई, जन्म एक जून, वय वर्षं सहा पूर्ण.

अशा रीतीनं ज्ञानू बावन्न वर्षांचा आणि त्याची आई सहा वर्षांची झाली. समितीनं याची नोंद घेतली आणि पुढच्या विषयाकडं वळली. गल्लीचं एकत्रित वय एक हजार तीनशे सत्त्याण्णव झालं. एकाच्या जागी साताची मेणबत्ती बदलून आणली. धोंडुबाईचा कपकेक संयोगितानं सगळ्यांत शेवटी केला, सगळ्यांत जपून, आणि त्यावर नाव असं लिहिलं की ते एका वाटीत मावलं.

एक जूनची संध्याकाळ. तालमीपुढं मांडव, गुळाची गदा, उलथनं. आणि गाणं म्हणायला कोण, तर आमचं भजनी मंडळ. ही सूचना माझी होती, आणि तिचा मला अभिमान आहे. स्पीकरवर लावलेल्या गाण्यात भाव नसतो. बुवांनी पेटी पुढं ओढली, मृदंगाला कणीक लावली, टाळकऱ्यांनी टाळ जुळवले आणि हॅपी बड्डे टू यू हे पद विलंबितात उचललं. अहो, काय सांगू! नावं वयाप्रमाणं, थोरापासून लहानापर्यंत. प्रत्येक नाव दोनदा साधं, एकदा आलाप घेऊन, मग तिहाई. रुद्रय्याअण्णांच्या नावाला बुवांनी अशी काही तान घेतली की अण्णा स्वतःच्या वाढदिवसाला हात जोडून उभे राहिले. हंबीररावांचं नाव तिन्ही कपकेकांसह घेण्यात आलं. क्रीम वितळायला लागलं तरी कुणी जागचं हललं नाही.

तेवीस नावं झाली. आता राहिलं एक, सगळ्यांत धाकटं, वय वर्षं सहा. धोंडुबाई पुढच्या रांगेत बसलेली. नवं लुगडं, हातात कपकेक, त्यावर पेटलेली मेणबत्ती, आणि खांदा मोकळा झाल्यामुळं पदर दहादा सारखा करणं चाललेलं. बुवांनी तिच्याकडं पाहून मान लववली.

बुवा हाडाचे कलावंत. शेवटचं पद आलं की भैरवी, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी धोंडुबाईसाठी भैरवी धरली. सूर लावला मात्र, आणि अख्खा मांडव उठला. का उठू नये? आमची गल्ली सुसंस्कृत आहे. भैरवी लागली की कार्यक्रम संपला, मग प्रसाद, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. "बोला पुंडलिक वरदे" झालं, माणसं गदेवर तुटून पडली, उलथनं कुठं गेलं कळलं नाही. हंबीररावांच्या 'भावी'वर कुणीतरी बसलं. बुवा डोळे मिटून गात होते. ते काय गात होते ते टाळकऱ्यांनाही ऐकू आलं नाही, कारण टाळकरी गदेपाशी होते.

गर्दी हटली तेव्हा धोंडुबाई तिथंच बसलेली होती. मेणबत्ती आपसूक क्रीममध्ये बुडून विझलेली.

"सूनबाई, माझं झालं?"

"झालं की आत्ती," संयोगिता म्हणाली.

"मला न्हाय ऐकू आलं."

"माइकचा घोळ हुता."

"आसंल." धोंडुबाईनं कपकेकवरचं नाव बोटानं पुसून चाटलं. "ग्वाड हाय. फुडल्या साली सात पुरी हुतील मला, न्हवं का?"

समितीच्या अहवालात कार्यक्रम शंभर टक्के यशस्वी झाल्याचं म्हटलं आहे आणि ते खरंच आहे. शाळाही वाचली.

तुम्ही मघापासून आमच्या समितीला हसताय, हे मला इथून दिसतंय. हसा. फक्त एक करा. आपली आई कोणत्या दिवशी जन्मली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करा. आधार कार्डावरची तारीख नको, खरी सांगा. त्या दिवशी घरी काय चाललं होतं, बाजार होता की पेरणी होती, एवढं सांगितलंत तरी चालेल.

नाही? असू द्या. खांदा धरला असेल. तुम्हाला समितीवर घेतलं.

पण मंडळी, त्या पदातली एक ओळ म्हणायची राहून गेली आहे, आणि माझ्या जिवाला ती टोचणी आहे. सूर लागला नाही तरी चालेल, फक्त भैरवीत नको. घरी जाल तेव्हा एकदा धोंडुबाईचं नाव घ्या, आणि त्याच श्वासात आपल्या माउलीचंही घ्या. जरा मोठ्यानं घ्या. दोघींनाही कमी ऐकू येतं.