एसीखालची खुर्ची

सुराबायाच्या त्या विमा कचेरीत लारास नवी मॅनेजर म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी तिने एसी चोवीसवर नेऊन ठेवला. कुणाला अठरा हवा होता, कुणाला तीस, सरासरी चोवीस.

"सगळ्यांना ठीक आहे ना?"

"ठीक आहे, बाई!" सगळे एका सुरात म्हणाले. वरिष्ठांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची तिथे रीतच नाही.

तासाभरात दार्सोनोकाकांनी कानांना मफलर गुंडाळला आणि सात महिन्यांची गरोदर युयुन फायलीने वारा घेऊ लागली. सरासरी ठीक होती, माणसं नव्हती. शुक्रवारी जाकार्ताहून हेंद्रावानसाहेब येणार होते, लारासला कायम करायचं की नाही ते ठरवायला. तिने एकेकाला बाजूला घेतलं.

"वारा अंगात शिरतो हो," काका कुजबुजले. "मग बायको नाण्याने पाठ घासून बाहेर काढते."

"माझ्या पोटात चूल पेटलीय, बाई," युयुन म्हणाली.

एसी अठरावर गेला, युयुन त्याच्याजवळ आणि काका लांबच्या कोपऱ्यात. पण कोपऱ्यात बोनार बसायचा, आणि बोनार फोनवर बोलला की बंदरातली जहाजं दचकायची. काकांना गिऱ्हाइकाचं काही ऐकू येईना. लारासने बोनारला स्वतःच्या केबिनमध्ये बसवून दार लावलं. सगळ्यांची सोय झाली. उरली एकच खुर्ची, थेट एसीच्या तोंडाखालची.

"गार नाही ना लागत, बाई?" युयुनने विचारलं.

"छे! ठीक आहे."

शुक्रवारी लारासचा आवाज बसला. कपाटामागे युयुन तिच्या मानेवर नाण्याने लाल रेघा ओढत होती, तेवढ्यात साहेब येऊन थेट केबिनमध्ये शिरले.

"तू इथे कसा रे? मॅनेजर कुठंय?"

"बाईंनीच बसवलंय, साहेब!" बोनारचं उत्तर खालच्या मजल्यानेही ऐकलं. "माझा आवाज कोंडायला!"

साहेब बाहेर येऊन एसीखालच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "बाईंचा कारभार कसा आहे?"

"ठीक आहे, साहेब!" सगळे एका सुरात.

लारास कपाटामागून पुढे आली. या 'ठीक'ची किंमत तिला आता पक्की ठाऊक होती. साहेबांनाही असणार. घोगऱ्या आवाजात तिने विचारलं, "साहेब, गार तर नाही ना वाटत?"

"छे, ठीक आहे," म्हणत त्यांनी गळ्याचं बटण लावलं.

लारासने काकांचा मफलर आणून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो कानांपर्यंत गुंडाळला.

"कसं ओळखलंत?"

"चार दिवस त्याच खुर्चीत मीही ठीकच होते."

साहेब हसले, शिंकले आणि नेमणुकीच्या कागदावर सही करून, तिच्या मानेवरच्या लाल रेघांकडे बघत हळूच म्हणाले, "ते नाणं... अजून आहे का?"

काका बाह्या सरसावून उठले.