हुजुरांतील नऊ प्रश्न

॥ श्री धन्वंतरी प्रसन्न ॥ शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मतिनाम संवत्सरी, एके राज्यीं जे घडले ते लिहिले, गोड करून लिहिले नाही. त्या समयी राज्यांत मनाची उदासी बहुत पसरली, धडधाकट माणसे ताटावरून उठों लागली. तेव्हां गिरमाजीपंत वैद्य यांणी नऊ प्रश्न बांधिले: झोप कैसी, भूक कैसी, कामीं मन लागते की नाही, आणि शेवटला, जगणे नकोसे होते काय, एकेकास शून्यापासून तीनपर्यंत आंकडा, नवांची बेरीज तो रोग्याचा आंकडा, जितका थोर तितके दुखणे भारी. रोग्यास एकांती बसवून त्याच्याच तोंडून दर पंधरवड्यास पुसावे, आंकडा उतरला नाही तर औषध बदलावे, ऐसी रीत घातली. आणि गुण आला. एक नगारची दोन वर्षे भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो तिसऱ्या औषधास उठला आणि चाकरीस रुजू जाहला.

मग कीर्ति हुजुरांत गेली, आणि दिवाणसाहेबांची आज्ञा जाहली की, दसऱ्याचे आंत कोणाही रयतेचा आंकडा पांचावर नसावा. मग कारकून घरोघर सुटले. त्या राज्याची चाल ऐसी की, वडील समोर असतां धाकट्याने आपले दुखणे बोलो नये, वडिलांनीच सांगावे. मग कारकुनांनी ओटीवर बसून सासूस पुसावे आणि सुनेचे लिहावे. पंतांस हे कळले. परंतु रीत आपली, वर शिक्का सरकारी, म्हणोन मनांत फुगले आणि उगेच राहिले. येथेच त्यांची अक्कल गहाण पडली.

पंतांची धाकटी बहीण सगुणाबाई फडणिसांचे घरी दिली होती, तिसही हेच दुखणे, औषध पंतांचेच. पंत भेटीस गेले, कागद पाहिला, तो आंकडा एक. मग संतोषून औषध बंद केले.

सगुणाबाई म्हणाली, "दादा, मला कोणी विचारलंच नाही."

पंत म्हणाले, "सरकारी कागद खोटा असतो होय? बरी आहेस तू."

आठवे दिवशी सगुणाबाईंनी जीव दिला. मग पंत दफ्तरी धावले आणि म्हणाले की, तो एक खोडा, खरे लिहा. कारकून अदबीने उठोन बोलिला, "पंत, मयताचा आंकडा धरीत नाहीत. बाईंचं नाव वगळलं, फडणिसांचं घर शून्यावर आलं."

एकूण इतकेच: दसऱ्यास राज्य सुखी ठरले, दिवाणसाहेबांस बढती मिळाली. पंतांनी पुढे कोणाची नाडी धरिली नाही. मी तिला एकदा एकटीला पुसले असते तर, एवढेच मरेतों बोलत राहिले.