अडकलेले विजेते

सामन्याची वेळ होऊन गेली तरी पाहुणा संघ ड्रेसिंग रूममध्येच अडकून होता. संघही साधासुधा नव्हे, राष्ट्रीय चषक पाच वेळा जिंकलेला. दार लोखंडी, खिडक्यांना गज आणि दाराची मूठ निखळून त्यांच्या कप्तानाच्या हातात!

यजमान संघ होता गावातल्या दुकानदारांचा. सामना बाद फेरीचा. हरला तो घरी. पंचांनी यजमानांना मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "अजून पंधरा मिनिटांत ते मैदानात आले नाहीत, तर सामना तुमचा."

"देव पावला!" प्रशिक्षक मास्तर पुटपुटले. एवढ्यात त्यांचा गोलकीपर पिशवीतून तार आणि स्क्रू-ड्रायव्हर काढताना दिसला. त्याचं चौकात कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं.

"कुठं निघालास?"

"दार उघडायला."

"डोकं फिरलंय का तुझं? बुटाची नाडी बांधत बस की पंधरा मिनिटं!"

"मास्तर, अख्खं गाव आलंय. मी इथं असताना दार उघडलं नाही, तर उद्या माझ्या दुकानाची पायरी कोण चढेल?"

तो दारापाशी उकिडवा बसला. मास्तर मागं उभे. "दमानं घे हो. अजिबात घाई नको."

चौदाव्या मिनिटाला कुलूप खट्कन उघडलं. दाराला रेटा देऊन उभे असलेले चार धिप्पाड खेळाडू आधी गोलकीपरवर आणि मग एकमेकांवर कोसळले.

घामाघूम झालेले पाहुणे चवताळून खेळले. दोन चेंडू खांबाला लागले, एक गोलकीपरच्या पोटात बसला, एक नाकावर. पण आत एकही गेला नाही. शून्य-शून्य! मग पेनल्टी. चार-चार झाल्यावर गावच्या न्हाव्यानं पाचवी बरोबर जाळ्यात मारली. आता पाहुण्यांची शेवटची, मारायला खुद्द कप्तान.

गोलकीपरनं डावीकडं झेप घेतली. चेंडू बोटांना चाटून बाहेर!

गाव कुंपण ओलांडून मैदानात घुसलं. मास्तरांनी गोलकीपरला खांद्यावर घ्यायला पाहिलं आणि दोघंही चिखलात लोळले. तिथंच कप्तान हात मिळवायला आला.

"तुम्ही दार उघडलंच नसतं तर?"

"तर आम्ही फुकट जिंकलो असतो," गोलकीपर नाक चोळत म्हणाला.

"हो ना," कप्तान कळवळून म्हणाला, "आणि आमची अब्रू तरी राहिली असती!"