दहा तारखेला फोन चालू होता

सुयोगच्या फोनने गावच्या तंटामुक्ती समितीकडे बदनामीचा अर्ज दिला, तेव्हा समितीने आधी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. फोनकडे ती नव्हती. त्याने खोक्यावरचा नंबर दिला आणि तो चालला.

शनिवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये फोनला सतरंजीवर बसवलं, सुयोगला समोर. अध्यक्ष खरात गुरुजी. निवृत्त झाल्यापासून कुणाला उभं करून झापायला मिळतंय याचीच ते वाट बघत असायचे.

"डिप्लोमा अर्धवट सोडला, आणि आता हे. फोनशीसुद्धा नीट नांदता येईना का रे तुला?"

सुयोग उसळला. "नांदण्यासारखा आहे का तो? बंद करायचं बटण नेमकं मुठीत येतं. बोलता बोलता बंद. खिशात असला की आपोआप मामाला लागतो. तासाभरात भट्टी होते त्याची."

"हे सगळं मला मान्य आहे," फोन म्हणाला. "मला घडवलंच तसं आहे. माझी हरकत एकाच दिवसाबद्दल आहे. दहा तारखेला मी चालू होतो."

सुयोगचे कान तापले. दहा तारखेला त्याची मोठी बहीण वृषाली सासरहून फोन करत होती. न्यायला ये म्हणून. शेवटी ती एकटीच, लेकराला कडेवर घेऊन, तीन एसट्या बदलत माहेरी आली. ओठ फुटलेला होता. "फोन बंद पडला होता गं ताई," असं सुयोगने सांगितलं, आणि तिला ते लगेच पटलं. फोन होताच तसला.

आत्ता ती मागे दाराजवळ बसली होती.

"किती वेळा वाजलास?" गुरुजींनी विचारलं.

"सात. कॅरमचा डाव रंगात आला होता. सातव्यांदा त्याने मला उलटा ठेवला."

सुयोगचे वडील, अण्णा, घाईने उठले. "अहो, पोर आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

घाई होणारच. ताईने आधी त्यांनाच फोन केला होता, आणि "जरा सहन कर" म्हणून त्यांनी ठेवून दिला होता. आणि ताईचं लग्न जमवलं होतं गुरुजींनी. त्यांनी लगेच पेन उघडलं. दहा मिनिटांत समेट लिहून झाला: दहा तारखेला फोन बंद होता असे सर्वानुमते ठरले, कुणाचीही चूक नाही, उभय पक्षांना एकेक गुलाबाचे फूल.

"कर सही," अण्णा म्हणाले.

सुयोगने पेन घेतलं. अण्णा-गुरुजींसारख्या ज्या म्हाताऱ्यांना तो तोंडावर खोटारडे म्हणायचा, त्यांनी सरकून त्याला आपल्यात जागा करून दिली होती. जागा अगदी त्याच्या मापाची होती.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'ताई'.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वृषालीने मोबाईल कानाला लावला होता, नजर खाली. फोन न अडकता हॉलभर वाजत राहिला.

"उचलू नकोस," अण्णा पुटपुटले.

सुयोगने उचलला.

"कुठंयस?" वीस फुटांवरून ती म्हणाली.

"ताई, मला तुझं नाव दिसत होतं. सातही वेळा."

गुरुजींनी समेटाचा कागद घडी घालून खिशात टाकला. फोनने लाइन कापली नाही.

"ऐकतेय," ती म्हणाली. "पुढं बोल."