धाकट्याला टोपी, थोरल्याला काच

बरणीचं झाकण निघत नसेल तर त्याला रबर गुंडाळावं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, जुनी काच काढायची, नवी बसवायची, संध्याकाळी घरी.

थोरला लांबोडका, धाकटा आखूड आणि रुंद. धूळ दोघांनाही सोसत नाही.

टोपी उन्हासाठी असते. हे एक माणूस सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

तो एक माणूस म्हणजे या घरचा जावई. "माझ्या लेन्सवर आजवर एक ओरखडा नाही," हे तो नव्या ओळखीच्या माणसाला नाव सांगायच्या आधी सांगतो. खोटं नाही ते. ओरखडा यायला लेन्स पिशवीतून बाहेर यावी लागते. त्याच्याकडे दोन आहेत: लांबचं टिपणारा थोरला आणि समोरची माणसं टिपणारा धाकटा. नावं त्यानेच ठेवलेली. थोरल्याच्या तोंडावर संरक्षणाची काच, म्हणजे फिल्टर. धाकट्याला काळी टोपी, म्हणजे हूड, तिरपा उजेड आत शिरू नये म्हणून. काच तो दर रविवारी आणखी थोडी आवळतो. टोपी तो घरातही घालतो, खोलीत काळोख असला तरी घालतो. पाहुणे अवघडून उभे, चहा निवलेला, आणि जावई टोपी घालतोय, हे दृश्य नातेवाइकांनी इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी उठून उभंच राहत नाही.

त्या शनिवारी तर त्याचं स्वतःचंच उठायचं मन नव्हतं. आठवडाभर ऑफिसने त्याला ओल्या फडक्यासारखं पिळलं होतं. पण सासूबाईंचा शब्द होता.

सासूबाईंचे दोन मुलगे घराच्या वाटणीपासून एका सोफ्यावर बसत नसत. एक आला की दुसऱ्याला काम आठवे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी होतं.

"पट्टी सुटली की पहिलं मला हे दोघं फोटोच्या एका चौकटीत दिसू देत," त्या म्हणाल्या होत्या. "मग बाकी दिसलं नाही तरी चालेल."

"आई, बाकीचंही दिसतं त्यात," मुलगी म्हणाली.

"दिसू दे की. मी कुठे नको म्हणतेय?"

तर, शनिवार. उजेड खुपतो म्हणून पडदे ओढलेले. सासूबाई सवयीने कपाळावर हात आडवा धरून बसलेल्या. मोठा भाऊ आला, खुर्चीत बसला. जरा वेळाने लहान भाऊ गाडीच्या किल्ल्या फिरवत आला, दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत बसला. खोलीत एवढी शांतता की पंख्यालाही संकोच वाटावा.

आतल्या खोलीत जावई पलंगावर सामान मांडत होता. बायको मदतीला. दार अर्धवट उघडं. आणि हात धुवायला निघालेला लहान भाऊ त्या दाराशी पोचला होता.

"थोरल्याचं काय?" बायकोने विचारलं.

"त्याला काच लावलीय. त्याच्या अंगाला आता ओरखडाही यायचा नाही."

"आणि धाकटा?"

"धाकट्याला टोपी घालायची. चांगली मोठी आणलीय या वेळी."

"दर वेळी त्यालाच का हो?"

"अगं, त्याला घातली की काम भागतं. थोरला महागातला आहे."

"बरं, घाला लवकर. आई वाट बघतेय."

दाराबाहेर पाण्याचा नळ काही वाजला नाही. बाहेरच्या खोलीत मात्र खुर्ची सरकली.

"आई, मी निघतो."

"अरे, फोटो?"

"फोटो कसला? आत मला टोपी घालायची तयारी चाललीय. आणि ताई सामील आहे. लवकर घाला म्हणते."

मोठा भाऊ म्हणाला, "तू काय बोलतोयस?"

"तू तर बोलूच नकोस. तुला काच लावून ठेवलीय म्हणे, ओरखडा येऊ नये म्हणून. महागातला ना तू. तरीच येताना एवढा गोड बोलत होतास."

"मला काच? मी काय देवघरातला फोटो आहे?"

"मागची खोली गेली तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"मागच्या खोलीला ओल होती, ती मी तुला नको म्हणून सांगत होतो."

"बघ आई. ओलसुद्धा हाच घेणार."

जावई कॅमेरा घेऊन बाहेर आला. एका हातात कॅमेऱ्यावर चढवलेला धाकटा, दुसऱ्या हातात सुटा थोरला.

"अहो, टोपी म्हणजे ही," तो म्हणाला, आणि दाखवायला म्हणून त्याने ती काढून परत घातली. उलटी बसली. परत काढली. "ही धाकट्याची. म्हणजे तुमची नव्हे. याची."

"लेन्सला कोणी धाकटा म्हणतं का, भाऊजी?"

"मी म्हणतो."

हे इतकं केविलवाणं होतं की खरं वाटावं. पण लहान भाऊ वाटणीतून तावूनसुलाखून निघालेला होता. "मग ती काच?"

"ही काय. फिरवली की निघते."

त्याने फिरवली. निघाली नाही. बाही गुंडाळून फिरवली. दात आवळून फिरवली. कपाळाची शीर तट्ट फुगली, काच जागची हलली नाही. इतके रविवार आवळलेली काच ती, एका शनिवारी का ऐकेल?

"निघते ना?" लहान भावाने विचारलं.

जावई मटकन खाली बसला. त्याला फक्त झोपायचं होतं.

"द्या इकडे," मोठा भाऊ म्हणाला. त्याच्याच्यानेही निघेना.

सासूबाई हाताआडून म्हणाल्या, "रबर गुंडाळा त्याला. आणि एकाने धरा, एकाने फिरवा. एवढ्या मोठ्यांना बरणी उघडता येईना?"

मोठ्याने थोरला धरला. लहानाने रबर गुंडाळलं.

"घट्ट धर."

"धरलंय. तू उलटं फिरवतोयस."

"मी? लहानपणी नळ कोणी तोडला होता?"

"तू."

"तू धरला होतास म्हणून."

दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. लहान भाऊ हसला की खोकला, कळलं नाही.

"अहो," बायको कुजबुजली, "काढा ना."

जावयाने बसल्या जागेवरून कॅमेरा उचलला. खोलीत अंधार, म्हणून कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उघडला. टोपी होतीच.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. सासूबाईंच्या हातात फोटो ठेवला. दोन मुलगे, एक चौकट, डोक्याला डोकं. आणि खालच्या बाजूला भलंमोठं काळं अर्धवर्तुळ. दोघांचे हात, थोरला, काच, रबर, सगळं त्यात गडप.

सासूबाईंनी नवा डोळा बारीक केला. मग दुसरा झाकून पाहिलं.

"हे काळं माझ्या डोळ्यात आहे की फोटोत?"

"फोटोत, आई," जावई म्हणाला. "फ्लॅशच्या आड आली ती. टोपीची सावली."

सासूबाईंनी फोटो उजेडाकडे धरला.

"म्हणजे शेवटी दोघांनाही टोपी घातलीतच, जावईबापू."

फोटो त्यांनी उशाशी लावला. काच अजून निघालेली नाही. आणि जावई आता नव्या ओळखीच्या माणसाला ओरखड्याचं सांगत नाही. दोन भावांना आपण कसं जवळ आणलं, ते सांगतो.

त्या शनिवारी दोघे भाऊ एकाच गाडीतून आले होते.