रिसेलले मार बसते

आमच्या शेजारच्या दामूकाका भुसाऱ्यांची दाढ काढायची होती तेव्हा सोबत मी गेलो होतो. डॉक्टरनं दाढ उपटली, ट्रेमध्ये टाकली आणि चूळ भरा म्हणाला. काकांनी आधी दाढ मागितली. ती आता काय कामाची, असं डॉक्टरनं विचारलं, तर तोंडात कापसाचा बोळा असताना काका म्हणाले, "नकली बसवली तरी ओरिजिनल जवळ पाहिजे गा. नाही तर रिसेलले मार बसते."

दाढेचा रिसेल! डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आम्हा मनीषनगरवाल्यांना याची सवय होती.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कोणीही काहीही घेतलं की काकांना दाखवायला जायचं आणि बोलणी खाऊन यायचं. माझ्या बापानं टीव्ही आणला, तर काकांनी खोका फेकू दिला नाही. तो खोका आमच्याकडे टीव्हीपेक्षा जास्त जागा अडवून बसला. एका लग्नाळू पोरानं केस काळे केले, तेव्हा काकांनी त्याला गल्लीत थांबवून सुनावलं, की रंगवलेल्या मालाले भाव नसते बाबू. त्या पोराचं लग्न जमलं, पण काकांना त्यानं पत्रिका दिली नाही.

या वेडाचं मूळ म्हणजे काकांची गाडी. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आमच्याकडे तेव्हा घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या. नागपुरात गाड्याही दोनच जातींच्या, एक फुगीर आणि एक चौकोनी. अशात मोजणी खात्यातून रिटायर झालेल्या या माणसानं जपानी स्पोर्ट्स कार आणली. पांढरी, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की बाजूला म्हैस उभी राहिली तर गाडी दिसेनाशी व्हायची. एक परदेशी साहेब नागपूर सोडून चालला होता, त्यानं ती विकायला काढली होती. साहेबाला शर्यतीचा शौक. त्यानं मूळ बॉनेट काढून फायबरचं हलकं बॉनेट लावलेलं, सीट बदललेल्या, सायलेन्सर असा बसवलेला की गाडी सुरू झाली की अख्ख्या लेआउटमधली लेकरं झोपेतून उठायची. काढलेलं मूळ सामान त्यानं खोक्यांत भरून काकांच्या हवाली केलं.

आणि यासाठी काकांनी काय विकलं? गावाकडचं, कुहीचं आपल्या वाट्याचं धानाचं वावर!

कुहीला त्यांचे मोठे भाऊ गणपतराव शेती करायचे. ते गाडी बघायला आले, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वावर इकून टीन आनलं तू. वावराची किंमत वाढते दामू, टीनाले जंग लागते." हे वाक्य काकांच्या काळजात रुतलं. ही गाडी एक दिवस वावराच्याच किमतीला विकून दाखवीन, असं त्यांनी भावाला तोंडावर सांगितलं, आणि त्या दिवसापासून जगण्याला दुसरं काही कारण उरलं नाही.

मग त्यांचं शास्त्र सुरू झालं. गाडीत बदल केल्यानं किंमत जात नाही, बदल वापस फिरवता आला नाही की जाते, हा त्यातला पहिला नियम. म्हणून मूळ सामान जिवापाड जपायचं. मूळ सायलेन्सर स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, पापडाच्या डब्याशेजारी. मूळ सीट चादरीत गुंडाळून बैठकीतल्या दिवाणावर. आम्ही पाहुणे खाली सतरंजीवर बसायचो, आणि सीट वरून आमच्याकडे बघायच्या. बॉनेट पलंगाखाली.

या सगळ्यात भरडल्या जायच्या त्या मालूकाकू. खड्डा आला की गाडीचं पोट घासू नये म्हणून काका काकूंना उतरवायचे. वजन कमी झालं की गाडी बोटभर उचलली जायची. आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर खड्डे काही मोजके नव्हते. काकू नवऱ्यासोबत गाडीनं इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला निघायच्या आणि अर्ध्या वाटेपर्यंत पायीच पोचायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, गाडीत बसाचं माहं नाव हाय. चालाची मले आदतच पडली."

गाडीचा पहिला दसरा आला. पूजा करायची तर ओरिजिनलचीच, नकली बॉनेटवर देव कसा बसेल, म्हणून काकांनी मूळ बॉनेट मुद्दाम लावलं. ते नारळ आणायला गेले तेवढ्यात काकूंनी बॉनेटवर शेंदराचं भलं मोठं स्वस्तिक काढलं. घरातलं गोडंतेल संपलं होतं. मग शेंदूर त्यांनी जवसाच्या तेलात कालवला.

आता जवसाचं तेल भाजीत चांगलं, पण वाळलं की ते रंगासारखं घट्ट बसतं. त्यातून आमच्याकडचं दसऱ्याचं ऊन. दुसऱ्या दिवशी काका ओलं फडकं घेऊन गेले ते आरडाओरडा करतच परत आले. साबण झाला, रॉकेल झालं, राख झाली. आजूबाजूच्या पांढऱ्या रंगाची चकाकी गेली, पण स्वस्तिक हललं नाही. बॉनेट पुन्हा रंगवायचं तर कंपनीचा रंग जाणार, म्हणजे परत मार. काकांनी ते काढून पलंगाखाली ढकललं आणि फायबरचं लावलं.

पुढे कित्येक वर्षं त्यांनी काकूंना ऐकवलं. या स्वस्तिकानं माहं अर्धं वावर खाल्लं, हे वाक्य आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो. काकू कधी रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. उलट हसून म्हणायच्या, "तुमच्या गाडीवर माही सही समजा."

मग एका उन्हाळ्यात काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. काका दहा-बारा दिवस गाडी पुसायलासुद्धा बाहेर आले नाहीत, तेव्हाच मला धास्ती वाटली. त्यानंतर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एकदा गाडी हापशीवर घातली, आणि डॉक्टरनं चालवणं बंद केलं. उभी गाडी म्हणजे पडता भाव, हा नियम त्यांचाच. गाडी विकायची ठरली.

रायपूरचा एक राइस मिलवाला यायचा होता. शौकीन माणूस, पारखी. मी आणि काका दिवसभर राबून सगळं मूळ सामान परत चढवलं. सायलेन्सर माळ्यावरून उतरवला, सीट दिवाणावरून. बॉनेटचं मी विचारलं, तर राहू दे म्हणाले. डागामुळे लाजत असतील, असं मला वाटलं.

मिलवाला आला. गाडीखाली झोपून बघितलं, आत बसून बघितलं, आणि काका म्हणाले तीच किंमत कबूल केली. बरोबर वावराची किंमत! मला वाटलं, जिंकला म्हातारा. तेवढ्यात त्यानं बॉनेटवर टिचकी मारली. हे फायबरचं आहे, ओरिजिनल कुठं आहे, म्हणाला. डाग असेल, पोचे असतील, काही हरकत नाही, मी मुंबईला नेऊन नवं करून घेईन, पण ते असेल तरच ही किंमत.

काका म्हणाले, "ते भंगारात देलं."

मी थक्क झालो. किडकी दाढ पुडीत बांधून घरी आणणारा माणूस! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड असा दाबला की मी गप्प झालो. मिलवाल्यानं भाव पाडला. भरपूर पाडला. काकांनी घासाघीस केली नाही. गाडी गेली तेव्हा मूळ सायलेन्सरमुळे आवाजसुद्धा झाला नाही.

दसऱ्याला गणपतराव कुहीहून सोनं द्यायला आले. मीही तिथेच होतो. सतरंजीवर बसता बसता त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, की वावराचे पैसे निघाले का.

"नाही भाऊ," काका म्हणाले. "मार बसला. तुहंच खरं निघालं."

या वाक्यासाठी गणपतराव इतकी वर्षं थांबले होते. पण त्यांचं लक्ष दिवाणाकडे गेलं. तिथे भिंतीला टेकून ते बॉनेट उभं होतं, वर झेंडूची माळ. उठून त्यांनी आपट्याची पानं आधी त्या बॉनेटसमोर ठेवली, मग धाकट्या भावाच्या हातात दिली.

काकांना एव्हाना माणसांचे चेहरेही धड दिसत नव्हते. ते चाचपडत दिवाणाशी गेले आणि पत्र्यावरून हात फिरवू लागले. जवसाच्या तेलातला शेंदूर जाड वाळला होता, बोटाला लागत होता. त्यांनी बोटानं स्वस्तिकाची एकेक रेघ सावकाश गिरवली.

"पाह्य गा," ते मला म्हणाले, "एक रेघ नाही पुसली. मालूचा हात मोठा पक्का होता."